न फुललेल्या वर्षांची वही

कारवी कधी फुलते, असं सह्याद्रीत कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: दर सात वर्षांनी. ट्रेकर हेच सांगतात, वर्तमानपत्रं हेच छापतात, गडाच्या पायथ्याचा चहावालाही हेच म्हणतो. त्यालाच पुढचा प्रश्न विचारावा, "बरं, इथे मागच्या खेपेला कोणत्या साली फुलली होती?" की बोलणं लांबतं. चारपाच वर्षं झाली असतील. करोनाच्या आधी. त्या पलीकडच्या सोंडेवर फुलली होती, इकडे नाही. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांसाठी ही वही काढली आहे. प्रस्तावना थोडी लांबणार आहे. वही भरायची कशी हे दोन पानांत सांगता येतं, पण ज्या वर्षी डोंगरावर एकही फूल नाही त्या वर्षी ती का भरायची, हे सांगायला जागा लागते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कारवीपासून सुरुवात करू, कारण मुंबईच्या कुशीत असल्याने तिच्यावर पुष्कळ डोळे असतात. तिथला मोठा बहर २००८ साली आला, मग २०१६ साली आणि मग २०२४ साली. अंतर आठ वर्षांचं. म्हणजे सात म्हणणारे चुकतात का? तसंही नाही. ते मधली रिकामी वर्षं मोजतात, फुलण्याचं वर्ष आठवं धरतात. दोघांचा हिशोब बरोबरच असतो, फक्त कागदावर "दर सात वर्षांनी" असं छापून आलं की वाचणारा २०१६ मध्ये सात मिळवतो आणि २०२३ च्या सप्टेंबरात डोंगर चढून हिरवी पानं बघून परत येतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बोरिवलीत फुलली म्हणून त्याच साली हरिश्चंद्रगडावर, भीमाशंकरला किंवा महाबळेश्वरच्या खोऱ्यांत फुललीच पाहिजे असा काही नियम नाही. प्रत्येक डोंगराचं आपलं साल असतं आणि कधी कधी एकाच डोंगराच्या दोन उतारांची सालंही वेगळी असतात. "कारवी कधी फुलते" हा प्रश्न "कुठली कारवी" असं विचारल्याशिवाय पुरा होत नाही, आणि "कुठली" याचं उत्तर नकाशावरच देता येतं.

झुडपाची ओळख सह्याद्रीतल्या वाचकाला करून द्यायची म्हणजे जरा आगाऊपणाच, तरी काही गोष्टी नोंदी ठेवणाऱ्याला लागतील म्हणून सांगतो. कारवी अडुळशाच्या कुळातली. गुजरातच्या डांगांपासून महाराष्ट्र आणि गोवा ओलांडून कर्नाटकापर्यंत तिचं रान पसरलेलं आहे. उंची पुरुषभर ते दोन-तीन पुरुष. पानं समोरासमोर, मोठी, खरखरीत, कडेला दातेरी, आणि शिरा इतक्या ठळक की बोटाने मोजता येतात. पावसाळ्यात ती इतकी दाट वाढते की तिच्यातून वाट काढणारा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या काठ्या उभ्या राहतात. असं सात पावसाळे चालतं. मग एका पावसाळ्यात, ऑगस्टच्या आसपास, कळ्यांचे तुरे धरतात आणि श्रावण-भाद्रपदात अख्खा उतार जांभळा-निळा होतो. फुलं गेल्यावर चिकट, वासाचे तुरे वाळतात, बोंडं उन्हाळाभर झाडावरच राहतात आणि पुढल्या पावसाचा ओलावा लागला की तडतडत फुटून बी लांब फेकतात. तोवर झाड मेलेलं असतं. कारवी आयुष्यात एकदाच फुलते. म्हणजे दर आठ वर्षांनी तेच झाड पुन्हा फुलतं असं कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाकावं: २०२४ मध्ये फुललेली कारवी ही २०१६ मध्ये फुललेल्या कारवीची लेकरं होती.

एवढं लक्षात घेतलं की वहीचा खटाटोप समजतो. एका उतारावरची कारवी बहुधा एकाच वयाची असते, आणि तिचं वय ठाऊक असेल तर पुढल्या बहराचं साल आपोआप ठरतं. फुलं बघून वय कळतं, पण त्यासाठी आठ वर्षांतल्या त्या नेमक्या वर्षी तिथे असावं लागतं. रोपं बघूनही वय कळतं. बोंडं फुटल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात वाळक्या काठ्यांच्या तळाशी जमीन दिसू नये अशी रोपं उगवतात. ती ज्याने पाहिली आणि लिहून ठेवली, त्याला पुढे सात वर्षं तिथे गेलं नाही तरी बहराचं साल सांगता येईल. तरीही आजवर जमलेल्या नोंदी पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या फुलांच्या. रोपांचा फोटो कोण काढतो?

वनस्पतिशास्त्रज्ञही या बाबतीत आपल्याहून फार वेगळे नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ नीस फॉन एझेनबेक यांनी १८३२ साली कारवीला स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा हे नाव दिलं. १९४४ साली ब्रेमेकँप यांनी स्ट्रोबिलॅन्थस या मोठ्या प्रजातीचे अनेक तुकडे केले आणि कारवीला कार्व्हिया कॅलोसा केलं. पुढच्या अभ्यासकांनी बरेचसे तुकडे पुन्हा एकत्र आणले. आजच्या पुस्तकांत दोन्ही नावं भेटतात, आणि जुन्या नोंदी शोधायच्या असतील तर दोन्हींखाली शोधाव्या लागतात. या मंडळींनी जमवलेले वाळवलेले नमुने हर्बेरियमांत जपलेले आहेत: मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात, आणि बरेच इंग्लंडात. नमुना गोळा करायचा तो फुलाफळांसकट, ही या शास्त्राची शिस्त. ती आपल्या पथ्यावर पडते. तारखेसह जपलेला प्रत्येक फुललेला नमुना म्हणजे त्या साली त्या ठिकाणी निदान एक कारवी फुलली होती याचा पुरावा. पंचाईत होते ती ठिकाणाची. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी नमुन्यांवर छापील चिठ्ठी आहे: "मलबार, कोकण इत्यादी", आणि गोळा करणारे "स्टॉक्स, लॉ इत्यादी". हे दोघे उत्तम संग्राहक होते यात शंका नाही, पण या चिठ्ठीवरून नकाशावर खूण करायची झाली तर ठाण्यापासून केरळपर्यंत कुठेही करता येईल. दोन "इत्यादी" मिळून दोनशे वर्षांचं नुकसान करून गेले आहेत.

विसाव्या शतकात परिस्थिती सुधारली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पुढे सेंट झेवियर्समधले फादर संतापाव यांनी या कुळावर आणि खंडाळ्याच्या वनस्पतींवर तपशीलवार लिहिलं. त्यांनी एकगठ्ठा फुलण्याच्या या चमत्काराकडेही मुद्दाम लक्ष दिलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेखन केलं. तरी एका संशोधकाची नोकरी, बदली आणि निवृत्ती यांच्यात कारवीची फार तर तीन-चार चक्रं बसतात. हे काम एका माणसाच्या आयुष्याच्या मापाचं नाहीच.

ते किती माणसांच्या मापाचं आहे हे बघायचं तर दक्षिणेकडे जायला हवं. कारवीची चुलत बहीण नीलकुरिंजी मुन्नारच्या डोंगरांत बारा वर्षांनी फुलते, आणि तिच्या बहरांची साखळी १८३८ पासून २०१८ पर्यंत सांगितली जाते: दर बारा वर्षांनी एक कडी. ही साखळी हातात असल्यामुळे २००६ च्या बहराची तयारी आधीपासून करता आली आणि त्याच साली केरळ सरकारने इडुक्की जिल्ह्यात कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं. २०१८ च्या ऑगस्टात महापूर आला, पावसाने बहराची नासाडी केली, तरी बहर त्या साली ठरलेलाच होता हे सर्वांना माहीत होतं. पण त्याच इडुक्कीत, शांतनपाराजवळच्या कळ्ळिपारा डोंगरावर कुरिंजी २०२२ साली फुलली. म्हणजे ज्या झुडपाची साखळी सर्वांत पक्की मानली जाते, तिथेही डोंगरागणिक साल वेगळं निघतं. ओकिनावा बेटावर स्ट्रोबिलॅन्थस प्रजातीतलंच एक झुडूप सहा वर्षांनी फुलतं. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये त्याचा अभ्यास छापला, त्यातही हेच दिसलं: चक्र पक्कं, पण सगळी झाडं एकाच साली फुलतीलच असं नाही. आपल्या कारवीची अशी साखळी कुठल्याही एका डोंगरासाठी तरी आपण दाखवू शकतो का? बोरिवलीची अलीकडची वर्षं आहेत. बाकीचा सह्याद्री बहुतेक तोंडी आहे.

हे असं गठ्ठ्याने फुलून मरायचं कारण काय, यावर डॅनियल जान्झेन यांनी १९७६ मध्ये बांबूंच्या संदर्भात मांडलेला विचार आजही सगळ्यांना पटण्यासारखा वाटतो. बी खाणारे प्राणी-पक्षी-किडे वर्षानुवर्षं उपाशी ठेवायचे आणि मग एकदम इतकं बी टाकायचं की खाऊन संपूच नये. श्रीलंकेच्या डोंगरांत कारवीच्या नात्यातलं नेलू फुलून बीला आलं की रानकोंबड्या तिथे लोटतात, हे जुन्या काळापासून लिहिलं गेलं आहे. आपल्या वहीच्या दृष्टीने यातून एक काम निघतं. बी वाचणं हे जर एकजुटीवर अवलंबून असेल, तर एकजुटीने फुललेला पट्टा केवढा होता आणि तो कुठे संपला, हे फुलांच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. म्हणून वहीत नुसता बिंदू न देता कडा काढायला सांगितली आहे. फुललेली कारवी कुठल्या ओहोळापर्यंत होती आणि ओहोळापलीकडची हिरवीच होती का, ते लिहा. दोन वयांच्या कारवीची अशी हद्द सापडली तर ती नोंद शंभर फोटोंच्या तोलाची आहे.

एखाददुसरं झाड दरवर्षी वेळेआधी किंवा उशिरा फुलतं. त्याचीही नोंद हवी, पण ती बहर म्हणून नको. मोबाइलवरच्या नोंदीत इथेच घोटाळा होतो. आयनॅचरलिस्टसारखी व्यासपीठं २००८ पासून आहेत, त्याच साली इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही सुरू झालं, आणि दोन्हींनी हौशी निरीक्षकांच्या हाती मोठं साधन दिलं यात वाद नाही. पण तिथला नकाशा उघडून बघितला की कारवीपेक्षा माणसांचा नकाशा जास्त दिसतो. लोणावळा, माळशेज, भंडारदरा, कास, येऊर. जिथे रविवारी गाडी जाते तिथे खुणांची दाटी, आणि मधल्या सोंडा कोऱ्या. शिवाय एकुलत्या एका चुकार फुलाचा फोटो आणि डोंगरभर पसरलेल्या बहराचा फोटो नकाशावर सारखाच एक बिंदू होतो. म्हणून या वहीत प्रत्येक नोंदीपुढे अंदाजे प्रमाण मागितलं आहे: एकही नाही, तुरळक, निम्मी, जवळजवळ सगळी. एवढे चार शब्द पुरेत. टक्केवारी लिहायच्या फंदात पडू नका. उभ्या चढावर, पावसात, छत्री सावरत कुणी काढलेली टक्केवारी मला तरी खरी वाटत नाही.

"एकही नाही" या खुणेबद्दल थोडं अधिक. नोंद म्हणजे काहीतरी दिसलं याची नोंद, असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं. कारवीच्या बाबतीत न दिसल्याची नोंद तेवढ्याच मोलाची. समजा एखाद्या गडावर २०१७ मध्ये बहर पाहिल्याचं कुणी सांगतं आणि २०२५ मध्ये पुन्हा फोटो मिळतात. मधल्या सात वर्षांत तिथे काय होतं? कुणी काहीच लिहिलं नसेल तर मधे एखादा बहर येऊन गेला असेल, अर्धाच उतार फुलला असेल, काहीही असू शकतं. त्याच सात वर्षांत गावातला एखादा शिक्षक दर भाद्रपदात शाळेची मुलं घेऊन गडावर गेला असेल आणि "कारवी आहे, फूल नाही" एवढं लिहून आला असेल, तर आठ हा आकडा सिद्ध होतो. नाही तर तो आपला समज राहतो. अट एकच: "फूल नाही" हे "कारवी आहे" याच्यासोबत यायला हवं. पानांवरून ओळख पटली नसेल तर कोरं सोडा. व्हायटीसारखी याच गोतातली झुडपं शेजारी उभी असतात आणि दुरून सगळं हिरवंच दिसतं. कासच्या पठारावरची टोपली कारवी तर वेगळीच, बुटकी, उलट्या टोपलीसारखी गोल. तिला वहीत स्वतंत्र खूण आहे.

मागची वर्षं भरून काढायचा एकच मार्ग आहे, माणसांना विचारणं. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या घरांचे कूड कारवीच्या काठ्यांचे असत, त्यावर शेणमातीचा गिलावा. कित्येक ठिकाणी अजूनही आहेत. वारली चित्रं मुळात याच कुडांवर गेरू सारवून काढलेली. जो माणूस घरासाठी काठी तोडतो त्याला कुठली कारवी कोवळी, कुठली जून आणि कुठली मेली हे आपल्यापेक्षा पक्कं माहीत असतं. मधपाळांचंही तसंच. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणारी घरं पिढ्यान् पिढ्यांची आहेत. त्याच भागातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कारवीचं साल त्यांच्या हिशोबात मधाच्या वजनात उतरतं. अशा घरांत किंवा मध खरेदी करणाऱ्या संस्थेत जुनी खातेवही मिळाली तर ती आधी बघा, आठवणी नंतर विचारा.

आठवण विचारायची तर साल विचारू नये, खूण विचारावी. कारवी गणपतीच्या सुमारास फुलते, त्यामुळे "त्या वर्षीच्या गणपतीत आणखी काय झालं होतं" हा प्रश्न चांगला चालतो. पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे. २६ जुलै २००५ चा पाऊस. आंबेगाव तालुक्यात माळीण गाडलं गेलं ते ३० जुलै २०१४ ला. या खुणांच्या आगेमागे माणसाची आठवण नेमकी असते.

मात्र जुनी आठवण मिळाली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, आणि हे थोडं गणित करून दाखवतो. समजा पाटणकडच्या एखाद्या म्हाताऱ्या बाई सांगतात, कोयनेच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यात आमच्या वरची कारवी फुलली होती. म्हणजे १९६८. आठ-आठ वर्षं मिळवत गेलं तर १९७६, १९८४, १९९२, २०००, २००८, २०१६. सात-सात मिळवली तर १९७५, १९८२, १९८९, १९९६, २००३, २०१०, २०१७. शेवटचे आकडे बघा: पन्नास वर्षांच्या अंतरानंतर २०१६ आणि २०१७, एका वर्षाचा फरक! तेवढी चूक कुणाच्याही आठवणीत होते. इतकी जुनी आठवण मिळूनही सात की आठ हे ठरत नाही. ते ठरतं मधल्या आठवणीने. त्याच बाईंच्या सुनेला विचारावं, किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी गणपतीत डोंगर कसा होता? १९९२ मध्ये फुललेला असेल तर आठचं पारडं जड. तेव्हा हिरवा होता आणि त्याच्या तीन वर्षं आधी फुलला होता असं निघालं, तर त्या डोंगराकडे नीट बघायला हवं. म्हणून एका वाडीतल्या तीन वयांच्या माणसांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून विचारू नका. एकत्र बसले की सगळ्यात मोठ्या आवाजाचं साल सर्वांचं होतं.

आता ठिकाण. फोन अक्षांश-रेखांश देतो, ते दशांशातच उतरवा. चौथ्या दशांशस्थळाला साधारण अकरा मीटर पडतात, तेवढं पुरे. अठरा अंश तीस मिनिटं म्हणजे १८.५०. ते कुणी १८.३० असं लिहिलं की खूण बावीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसते, आणि अशा नोंदी खरोखर येतात. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर आपली कारवी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात फुलते. ती चूक निदान लगेच पकडता येते, बावीस किलोमीटरची येत नाही. सह्याद्रीत मात्र आकडे अचूक असूनही भागत नाही. कोकणकड्यासारख्या जागी नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन बिंदूंमध्ये शेकडो मीटरची उंची असते. कड्याखाली फोनलाही आकाश अपुरं दिसतं. म्हणून आकड्यांसोबत शब्द लिहा: माथा, कडा, पदर, सोंड, पायथा, कोकणाकडचा उतार की देशाकडचा. आणि गावकरी त्या जागेला काय म्हणतात ते. नकाशावर गडाचं एकच नाव असतं, गुराख्याकडे त्याच गडावरच्या प्रत्येक घळीचं, टाक्याचं, पदराचं नाव असतं.

हे सगळं उपग्रहाकडून का करून घेऊ नये, असं तरुण मित्र विचारतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरच्या बारकाईने दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात, आणि ती चित्रं फुकट मिळतात. पण कारवी फुलते ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा सह्याद्रीवर ढगांचं छत असतं, आणि बरीचशी कारवी झाडांच्या सावलीत असते. उघड्या उतारांवर उपग्रहाची मदत होईल. तिथेही त्याने दाखवलेला बदल म्हणजे बहर, वणवा की तोड, हे पायी जाऊनच कळेल. तोड झाली असेल तर वहीत तेही लिहा. कुडाला, मांडवाला, भाजीच्या वेलांना काठ्या नेणाऱ्याची तक्रार म्हणून नव्हे, तर तोडलेल्या जागेचं वय आजूबाजूपेक्षा वेगळं निघू शकतं म्हणून.

राहिला प्रश्न जागा जाहीर करण्याचा. कंदीलपुष्पांसारख्या दुर्मीळ झाडांच्या जागा आयनॅचरलिस्ट आपणहून झाकतं, खरी खूण सुमारे वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी टाकून देतं. कारवी दुर्मीळ नाही, तिच्या जागा उघड असल्या तरी चोरीची भीती नाही. भीती गर्दीची आहे. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि त्यानंतर तिथल्या माणसांचं काय करायचं हाच तिथल्या फुलांपुढचा मोठा प्रश्न झाला. माझं मत असं: बहराच्या वर्षी नवी जागा लगेच जाहीर करू नये, बोंडं फुटून गेल्यावर करावी. रोपांवरून चालत गेलेल्या एका पावसाळ्याची किंमत आठ वर्षांनी कळते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालच्या या जागांत फांदीही तोडता येत नाही, नमुना म्हणूनही नाही. फोटो पुरे: एक दुरून उताराचा, एक तुऱ्याचा, एक पानाच्या मागच्या बाजूचा.

वहीच्या मलपृष्ठाच्या आत दोन नावांसाठी ओळी आखल्या आहेत. पहिली तुमची. दुसरी अशा माणसाची, ज्याच्या हातात तुम्ही गाव सोडाल, गुडघे दुखायला लागतील किंवा कंटाळाल तेव्हा ही वही जाईल. पहिल्या पानावर पहिली नोंद लिहिण्याआधी ती दुसरी ओळ भरा, आणि जमल्यास तुमच्याहून वीस वर्षांनी लहान कुणाचं नाव लिहा. २०२४ मध्ये जिथे बहर आला त्या उतारांवर आत्ता रोपं आहेत, आणि तिथल्या पुढल्या बहराचं वर्ष २०३२ येतं.